रात्रपाळीला किती माणसे असतात?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

वृद्ध माणसाला घरी सांभाळावे की शुश्रूषा केंद्रात ठेवावे, यावर वाचकांच्या पत्रांत अधूनमधून चांगलीच जुंपते. कर्तव्य, संस्कार, आजच्या पिढीचा स्वार्थ, सगळे त्यात येते. पण ठेवायचे ठरलेच, तर जागा पारखायची कशी आणि पैसे पुरवायचे कसे, याबद्दल चार ओळीही वाचायला मिळत नाहीत. आम्ही दोघे याच कामातले, एक शुश्रूषेच्या बाजूचा आणि एक हिशेबाच्या. पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. कात्री लावायची झाल्यास रात्रपाळीचा भाग तेवढा ठेवावा.

आधी शब्दाचा घोळ मिटवू. मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटले की लहान खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते: बाळंतपण, अपेंडिक्स, चार दिवसांत घरी. इथे विषय आहे दीर्घकालीन शुश्रूषा केंद्राचा, जिथे माणूस बरा होऊन परतेलच असे कोणी धरलेले नसते. वृद्धाश्रम ही तिसरीच गोष्ट. तिथे राहणाऱ्याने स्वतःचे स्वतः करावे अशी बहुधा अपेक्षा असते, आणि अंथरूण धरले की ‘आता दुसरीकडे सोय बघा’ असा निरोप येतो. प्रवेश घेण्याआधी आपण तिन्हींपैकी कशाच्या दारात उभे आहोत, ते विचारून घ्यावे. पाटीवरून कळत नाही.

पण त्याहीआधी आपल्या माणसाची गरज मोजावी. सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ साली सहा कामांची एक साधी मोजपट्टी मांडली, ती आजही जगभर वापरतात: अंघोळ, कपडे घालणे, शौचालयात जाणे, पलंगावरून उठून खुर्चीत बसणे, लघवी-शौचावरचा ताबा आणि आपल्या हाताने जेवणे. प्रत्येक कामापुढे लिहायचे: स्वतः करतात, कोणीतरी जवळ लागते, की सगळे दुसऱ्यानेच करावे लागते. आठवडाभर रोज लिहावे आणि रात्रीचे वेगळे लिहावे. दिवसा काठी घेऊन हिंडणारा माणूस रात्री तीनदा लघवीला उठत असेल आणि प्रत्येक वेळी हात द्यावा लागत असेल, तर त्याची खरी गरज रात्रीची आहे. हे कागदावर नसले की केंद्रातले विचारतात, ‘चालतात ना?’ घरचे म्हणतात ‘हो’. आणि पहिल्याच महिन्यात ‘तुम्ही सांगितले नव्हते’ म्हणून जादा आकार लागतो.

उलटही घडते. रुग्णालयातून सुटी मिळाली त्याच दिवशी माणसाला केंद्रात नेले, तर तो सर्वांत थकलेल्या अवस्थेत असतो, आणि त्या दिवशीच्या अवस्थेवर वरचा दर ठरतो. पुढे लघवीची नळी निघते, पायांत बळ येते, दर मात्र तोच राहतो. सहा आठवड्यांनी पुन्हा मोजणी होईल आणि दर खालीही येऊ शकेल, असे प्रवेशाच्या वेळीच लिहून घ्यावे. वर जाण्याचे कलम प्रत्येक करारात असते, खाली येण्याचे क्वचितच.

आता रात्रपाळी. माहितीपत्रकात बाग असते, हॉल असतो, वाढदिवसाच्या टोप्या घातलेले फोटो असतात. शुश्रूषा म्हणजे शेवटी माणसांचे हात, आणि हात मोजता येतात. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करतो. म्हणजे एक जागा चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसे लागतात. रजा, आजारपण, सोडून जाणारे धरले की चार. ‘आमच्याकडे ३० जणांमागे १२ केअरटेकर आहेत’ हे ऐकायला भरघोस वाटते, पण १२ भागिले ४, म्हणजे एका वेळी सरासरी तीन. सकाळी अंघोळींना जास्त माणसे लागतात, तेव्हा रात्रीला दोनच उरतात. बारा-बारा तासांच्या पाळ्या लावल्या की कागदावरचा आकडा सुधारतो, पण अकराव्या तासाला उचलणाऱ्या हातांत पहिल्या तासाचे बळ नसते.

या दोघांपुढे काय काम आहे ते पाहा. समजा ३० पैकी १० जण अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांची कूस साधारण दर २ तासांनी बदलायची असते. दोघांनी मिळून उचलणे, डायपर तपासणे, चादरीची सुरकुती काढणे, पायांखाली उशी देणे, याला माणशी १० मिनिटे धरली तर दहा जणांची १०० मिनिटे झाली. १२० पैकी १०० गेली. उरलेल्या २० मिनिटांत बाकीच्या २० जणांच्या घंटा, एखादी उलटी, बाथरूममध्ये एखाद्याचे घसरणे, आणि या दोघांचा स्वतःचा चहा. मग दोनची फेरी हुकते. किंवा एक जण घंटेकडे धावतो आणि दुसरा एकट्यानेच रुग्णाला चादरीवरून ओढून सरकवतो, त्यात पाठीची कातडी घासते. बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणारी जखम, बहुतेक वेळा कोणाच्या दुष्टपणाने होत नाही, या वजाबाकीने होते. म्हणून प्रश्न नेमका विचारावा: आज रात्री १० ते सकाळी ६ कोण कोण ड्युटीवर आहे, त्यातली शिकलेली नर्स कोणती, आणि अंथरुणावरचे रुग्ण किती? ‘गरजेप्रमाणे माणसे असतात’ हे याचे उत्तर नव्हे.

बेडसोअरबद्दल जरा थांबून लिहितो, कारण केंद्राचा खरा कस तिथे लागतो. हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते, तिचा रक्तपुरवठा तुटतो आणि ती मरते. माकडहाड, टाचा, खुबे आणि घोटे या नेहमीच्या जागा. पहिल्या पायरीत कातडी फाटलेली नसते, फक्त लाली असते आणि बोटाने दाबले तरी ती जात नाही. सावळ्या रंगावर ही लाली दिसतच नाही. तिथे हात लावून पाहावे लागते, जागा भोवतालच्यापेक्षा गरम, कडक किंवा उलट भुसभुशीत लागते. चौथ्या पायरीत जखम स्नायू-हाडापर्यंत पोहोचलेली असते. पहिल्या पायरीला दाब काढला की बऱ्याचदा भागते, चौथी भरायला महिने जातात, आणि ड्रेसिंगचा खर्च घरच्यांच्या बिलात येतो. बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांची १९८७ सालची ब्रेडन मोजपट्टी यासाठी आहे. संवेदना, ओल, हालचाल, कूस बदलण्याची ताकद, आहार आणि घर्षण अशा सहा गोष्टींना गुण देऊन ६ ते २३ मध्ये बेरीज येते. १८ किंवा त्याहून कमी आले तर धोका समजतात. प्रवेशाच्या दिवशी ही किंवा अशी कोणतीही मोजणी होते का, आणि डोक्यापासून टाचेपर्यंतची कातडी घरच्यांसमोर तपासून नोंदवतात का, हे विचारावे. नोंद असेल तर ‘जखम घरूनच आली होती’ हा वाद पुढे उद्भवत नाही. यात केंद्राचेही भलेच आहे.

एअर बेड आहे म्हणून कूस बदलायची गरज नाही, असे सांगणाऱ्या केंद्रापासून लांब राहावे. हवेची गादी मदतीला असते, ती हातांची जागा घेत नाही. तिचा पंप बंद असणे किंवा वजनाप्रमाणे दाब न लावणे हेही सर्रास आढळते. गादीखाली हाताचा तळवा सरकवून पाहावा, पाठीचे हाड हाताला टेकत असेल तर गादी बसली आहे. आणि माकडहाडाखाली रबरी रिंग देण्याची जुनी पद्धत सोडून द्यावी, त्या रिंगेच्या कडेवरच दाब येतो.

केंद्र पाहायला एकदा ठरवून जावे आणि दोनदा न सांगता. न सांगता जाण्याची चांगली वेळ म्हणजे रात्रीच्या जेवणाची आणि सुट्टीच्या दिवसाची दुपार. पाण्याचा पेला हाताच्या अंतरावर आहे का? घंटेची दोरी उशीजवळ आहे की भिंतीवर गुंडाळून ठेवलेली? घंटा स्वतः दाबावी आणि घड्याळ बघावे. लघवीची पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली टांगलेली असावी, पण जमिनीवर टेकलेली नसावी. नाकातल्या नळीने अन्न देताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास रुग्णाचा माथा ३० ते ४५ अंश वर हवा. आडवे ठेवून अन्न सोडले की ते श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. भरवणारी व्यक्ती बसून भरवते की उभ्याने, हे बघावे. उभ्याने भरवले की खाणाऱ्याची मान वर होते, आणि मान वर करून गिळताना ठसका लागतो. सकाळच्या फेरीला वास येणे स्वाभाविक आहे. दुपारी ४ वाजता पॅसेजमध्ये वास येत असेल तर माणसे कमी आहेत, आणि सुगंधी फवाऱ्याचा घमघमाट येत असेल तर तेच आहे, फक्त आपण येणार हे त्यांना ठाऊक होते.

नोंदवह्या मागून बघाव्यात, दुसऱ्याचे नाव झाकून दाखवा म्हणावे. कूस बदलल्याच्या तक्त्यावर १०, १२, २, ४, ६ अशा गोल वेळा एकाच पेनाने, एकाच हाताने लिहिलेल्या असतील तर त्या सकाळी बसून भरल्या आहेत. खरा तक्ता ओबडधोबड असतो: १०.२०, १२.१०, २.४५. औषधांच्या तक्त्यावर दुपारीच संध्याकाळच्या गोळीची सही झालेली दिसली, तर पुढे काही विचारायची गरज नाही. वजनाची नोंद दर महिन्याला हवी. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे ही कारण शोधायची खूण आहे. मग दात, गिळणे, औषध, नैराश्य, की भरवायला माणूसच नाही, हे बघायचे.

औषधांत दोन गोष्टी. पार्किन्सनच्या रुग्णाची लेव्होडोपाची गोळी ठरल्या वेळेलाच लागते. सगळ्यांबरोबर ‘जेवणानंतर’ दिली की माणूस मधेच आखडतो, आणि कर्मचाऱ्यांना तो हट्टी वाटतो. आणि शांत करणारी औषधे. अमेरिकेतले डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ मध्ये वृद्धांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली, तीही मुळात शुश्रूषा केंद्रांतल्या रहिवाशांसाठीच. स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांना दिल्या जाणाऱ्या नव्या मनोविकारविरोधी औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लावला. तरी रात्रीला दोनच माणसे असली की गोळी हीच तिसरी माणूस ठरते. असे औषध कोण लिहून देतो, किती दिवसांसाठी, पुन्हा कधी तपासतो आणि घरच्यांना आधी कळवतात का, हे लेखी हवे. रुग्णाचे हात बांधण्याबद्दलही हेच.

पैशांकडे येऊ. दरपत्रकातला ठळक आकडा म्हणजे खोली, जेवण आणि ‘सर्वसाधारण देखभाल’. त्याला १०० धरा. औषधे, डायपर, हातमोजे, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, तज्ज्ञ डॉक्टरांची भेट, रक्ततपासण्या, ऑक्सिजन किंवा सक्शन (कफ ओढून काढणाऱ्या) यंत्राचे भाडे, रुग्णवाहिका, रुग्णालयात सोबत बसणारा माणूस, हे बहुधा बाहेर असते. डायपरच घ्या. दिवसाला ५ म्हणजे महिन्याला १५०, आणि प्रत्येक बदलाला हातमोज्यांचा एक जोड. आपण आणून दिलेले चालत असतील तर पाकिटांवर नाव घालावे आणि महिन्याचा खप ताडून बघावा. २२० लागले तर आपले डायपर दुसऱ्या खाटेवर जात असावेत. ९० लागले तर मात्र बचत झाली म्हणून खूश होऊ नये, माणूस ओल्यात पडून राहतो आहे.

मग वाढ. करारात ‘वार्षिक १० टक्के वाढ’ एवढेच शब्द असतात. १०० चे ५ वर्षांनी १६१ होतात, ७ वर्षांनी १९५. समजा आजच्या दराने बरोबर १० वर्षे पुरतील इतके पैसे बाजूला काढले, त्यावर ७ टक्के व्याज मिळते आहे आणि शुल्क दरवर्षी १० टक्क्यांनी वाढते आहे. वर्षाचे शुल्क सुरुवातीलाच भरले तर ही रक्कम नवव्या वर्षी अपुरी पडते. आता रक्कम तीच ठेवून वर लिहिलेला जादा खर्च ३० धरा आणि १०० ऐवजी १३० पासून सुरुवात करा: सातव्या वर्षाचे शुल्क भरले की हातात जवळजवळ काही उरत नाही. हिशेब १०० वर करायचा नसतो, १३० वर करायचा असतो. आणि मधल्या काळात अवस्था बदलून वरचा दर लागला तर तो याच्याही वर. म्हणून केंद्राकडून तीन आकडे मागावेत: चालत्याफिरत्या माणसाचे महिन्याचे संपूर्ण बिल, चाकाच्या खुर्चीतल्या माणसाचे, आणि अंथरुणाला खिळलेल्या, नळी असलेल्या माणसाचे. तिसरा आकडा परवडत असेल तरच पहिल्या आकड्यावर सही करावी. नाहीतर ज्या दिवशी माणसाला हलवणे सर्वांत अवघड असते, नेमकी त्याच दिवशी जागा बदलावी लागते.

आरोग्य विम्यावर फार भिस्त ठेवू नये. विमा आजारावरच्या उपचाराला पैसे देतो. अंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे हे सहसा त्याच्या व्याख्येत उपचार ठरत नाही. हीच फट बुजवायला जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये शुश्रूषेसाठी स्वतंत्र सक्तीचा विमा आणला. खासगी दीर्घकालीन शुश्रूषा पॉलिसी असेल तर तीन कलमे वाचावीत: सहापैकी किती कामे जमत नसतील तेव्हा दावा लागू होतो (पुष्कळ पॉलिसींत दोन), पहिले किती दिवस खर्च आपण सोसायचा, आणि रक्कम महागाईबरोबर वाढते की नाही.

करार घरी आणून वाचावा, आणि शेवटच्या पानापासून वाचावा. अनामत किती दिवसांत परत मिळणार, त्यातून काय कापणार? माणूस रुग्णालयात असताना खाटेचे पैसे पूर्ण भरायचे की जेवणाचा भाग वजा होतो? त्या दिवसांत दोन्हीकडची बिले चालू असतात, हे आधी लक्षात येत नाही. मृत्यूनंतर शुल्क त्या दिवशी थांबते, की महिना संपेपर्यंत, की खोली रिकामी करेपर्यंत? केंद्र कोणत्या कारणांसाठी माणसाला काढू शकते आणि किती दिवसांची सूचना देऊन? ‘व्यवस्थापनास योग्य वाटल्यास’ या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारावी आणि ‘योग्य’ म्हणजे काय ते लिहून मागावे. ‘आजीवन’ म्हणून एकरकमी मोठी ठेव मागत असतील तर जागा त्यांच्या मालकीची आहे की भाड्याची, आणि केंद्र बंद पडल्यास ही ठेव कशावर सुरक्षित आहे, हे विचारावे. समाधानकारक उत्तर नसेल तर महिन्याचे महिन्याला भरणेच बरे, दर थोडा जास्त असला तरी.

सही कुठे करतो आहोत तेही पाहावे. ‘संपर्क व्यक्ती’ आणि ‘हमीदार’ हे दोन वेगळे रकाने आहेत. घाईत हमीदाराच्या रकान्यात सही करणाऱ्या मुलावर किंवा सुनेवर थकबाकीची जबाबदारी व्यक्तिशः येऊ शकते. भावंडांत खर्च वाटून घ्यायचा असेल तर एक वेगळे खाते काढावे, प्रत्येकाने दरमहा त्यात भरावे, आणि सहा महिन्यांचे शुल्क त्यात कायम शिल्लक राहील असे बघावे. जो दर आठवड्याला जाऊन बसतो त्याचा वेळ हाही वाटा धरावा, पण तो आधी ठरवून. नंतर धरला की भांडण होते. वृद्धाच्या स्वतःच्या पैशांतून भरायचे असेल तर बँक आणि मुखत्यारपत्राची कामे त्यांची समज शाबूत असतानाच उरकावीत. साधे मुखत्यारपत्र अनेक ठिकाणच्या कायद्यांत, देणाऱ्याची समज गेली की निष्प्रभ होते, आणि तोवर सही करण्याजोगे त्यांचे मन राहिलेले नसते. वकिलाला हाच एक प्रश्न विचारावा: समज गेल्यावरही चालेल असा कोणता कागद आपल्याला करता येईल?

शक्य असेल तर आधी दोन-चार आठवड्यांचा तात्पुरता मुक्काम करून बघावा. पहिला आठवडा सगळ्यांनाच जड जातो, त्यावरून निर्णय करू नये. तिसऱ्या आठवड्यात नखे, दात, चष्म्याची काच आणि टाचा बघाव्यात.

आपल्याला एक विनंती. शुश्रूषा केंद्रांवर लेख किंवा जाहिरात-पुरवणी छापाल तेव्हा बागेच्या फोटोखाली दोन ओळी छापाव्यात: वर सांगितलेली तीन अवस्थांची तीन बिले, आणि रात्री १० नंतर ड्युटीवर असणाऱ्यांची संख्या, शेजारी अंथरुणावरच्या रुग्णांची. जे केंद्र हे आकडे देणार नाही, त्याच्यासमोर ‘माहिती दिली नाही’ एवढेच छापावे.

आपले,
दोन वाचक
(नावे छापू नयेत, ही विनंती)